भरलेले गाल

फार पूर्वी एका डोंगराच्या कुशीत माकडांची एक टोळी राहायची. टोळीची एक रीत होती. कुणालाही फळांनी लगडलेलं झाड दिसलं, की त्याने आधी सगळ्यांना हाळी द्यायची आणि मगच पहिला घास तोंडात टाकायचा.

या टोळीत एक तरणं माकड होतं. त्याची आई लवकर गेली, म्हणून एका म्हातारीने त्याला पोटाशी धरून वाढवलं होतं. आता तिचे सगळे दात पडले होते. मऊ फळाशिवाय तिला काही खाता येत नसे.

एका वर्षी पाऊसच आला नाही. माकडं झाडांच्या साली कुरतडून दिवस काढू लागली. म्हातारीला तेही जमेना.

एके दिवशी तरण्या माकडाला ओढ्यापलीकडे पिकलेला उंबर दिसला. हाळी अगदी ओठांवर आली, पण मनात लोभ शिरला. ‘आजच्या दिवस एकटाच खातो. हाळी काय, उद्या देता येईल!’

त्याने पोटभर खाल्लं. शिवाय गालांच्या दोन्ही पिशव्या ठासून भरल्या. देवाने माकडांना ही सोय दिली खरी, पण अक्कल ज्याची त्याला.

दुपारी ते परतलं.

“काही गवसलं का रे, बाळा?” म्हातारीने विचारलं.

त्याने नुसतीच नकाराची मान हलवली. तोंड उघडलं असतं तर उंबरं बाहेर पडली असती.

म्हातारीने त्याच्या गालावरून हात फिरवला. “अरे देवा, दाढ सुजली की तुझी! म्हणून उपाशी राहिलास होय?”

तिने जवळचे दोन कोवळे कोंब त्याच्या हातात दिले. “पोरींनी मला आणले होते. मऊ आहेत, दुखणार नाही. माझं झालंय खाऊन.”

तिचं काहीच झालेलं नव्हतं. माकडाला ते ठाऊक होतं. शरमेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी चोरी उघडी पडेल या भीतीने कोंब मुठीत धरून ते झाडाआड सरकलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते उंबरावर चढलं आणि त्याने खच्चून हाळी दिली. सगळी टोळी धावत आली. पोरंबाळं पोटभर जेवली. सगळ्यांनी त्याला शाबासकी दिली.

म्हातारी तेवढी आली नाही. सर्वांत मऊ उंबर घेऊन ते तिच्याकडे पळत गेलं. ती झाडाच्या बुंध्याला टेकून बसली होती. त्याने फळ तिच्या ओठांना लावलं. ओठ गार पडले होते.

तात्पर्य: भूक उद्यापर्यंत थांबत नाही, वाटायचा घास आजच वाटावा.