ढाण्याच्या गळ्यातली घंटा

त्या कुरणाला धनी होता, पण तो कुणाला दिसत नसे. डोंगरापलीकडे गेला होता. परत येईन म्हणाला होता. जाताना त्यानं दोन कामं वाटून दिली. कुंपण राखायचं ढाण्या कुत्र्यानं, आणि घंटा वागवायची करडी नावाच्या म्हाताऱ्या मेंढीनं. सकाळी करडीची घंटा वाजली की साऱ्या कळपानं चरणं सोडून डोंगराकडे तोंड करायचं आणि मान झुकवायची. एवढाच रिवाज.

ढाण्या कामाला चोख, खोटं कशाला बोला! लांडगे त्याला टरकून असत. त्याच्या भुंकण्यावर कळप उठे, बसे. दुधाचा पहिला वाटा त्याचा, तोही बिनबोभाट पोचे. पण सकाळी त्या झुकलेल्या माना पाहिल्या की त्याच्या अंगाचा तिळपापड होई. लांडग्यांशी झुंजताना कान माझा फाटला, रात्रंदिवस राबतो मी, आणि मान झुकते कुणापुढे? जो दिसतही नाही त्याच्यापुढे! आणि बोलावते कोण, तर ही बोळकी म्हातारी! मत्सरानं त्याला अन्न गोड लागेना.

एक दिवस तो करडीला आडवा गेला.

"उद्यापासून माझ्याकडे तोंड करायचं."

"ढाण्यादादा," करडी म्हणाली, "ऊठ म्हणशील तर उठू, बस म्हणशील तर बसू. दुधात काही कमी पडलं असेल तर सांग. पण हे मागू नकोस बाबा. हे माझं नाही, तुला कुठून देऊ?"

"मग घंटा दे."

करडीनं मान पुढे केली नाही, मागेही घेतली नाही. ढाण्यानं घंटेची वादी दातांनी तोडली. वादीबरोबर थोडं कातडंही निघालं. कळप खाली बघत राहिला.

ती ढाण्याच्या गळ्यात बांधायला कावळा हजरच होता; उष्टं मिळेल तिथं तो हजर असे. "शोभेल हो सरकार, तुम्हालाच शोभेल!" ढाण्याच्या मानेवरचे केस चोचीनं बाजूला सारता सारता तो थबकला. "सरकार, इथं आधीच एक पट्टा आहे. जुना दिसतोय, केसांत पार बुडालाय."

"असेल. त्यालाच बांध, आणि तोंड बंद ठेव."

सकाळी ढाण्या खडकावर चढला. खडक कुरणाच्या या टोकाला, डोंगर त्या टोकाला. त्यानं छाती काढून मान हलवली. घंटा खणखणली. कळपानं चरणं सोडलं आणि रिवाजाप्रमाणे डोंगराकडे तोंड केलं. ढाण्यासमोर नुसत्या शेपट्या.

"इकडे! इकडे बघा!" तो भुंकला. भुंकण्याच्या हिसक्यानं घंटा आणखी वाजली, माना आणखी झुकल्या. त्यानं पंजानं घंटा ओरबाडली. ती जुन्या पट्ट्याला घट्ट होती. दात तिथं पोचेनात. कावळा केव्हाच उडाला होता.

करडी हळूहळू खडकापाशी आली. तिच्या मानेवरची जखम अजून ओली होती.

"ओढू नकोस रे, सोलून निघशील. माझी वादी आणि तुझा पट्टा एकाच चामड्याचे. धन्यानं एकाच सकाळी बांधले. तू तेव्हा पिल्लू होतास."

"गप!" ढाण्यानं रागानं मान झटकली.

घंटा वाजली, तशी करडीही डोंगराकडे वळली.