हुकलेला श्वास

"…पण सर, इंटरप्ट बंद केल्यावर दुसरं कोणी मध्ये येईलच कसं?"

दस्तगीर मुलाणी टेबलावरच्या रबरी फुप्फुसाकडे बघत होते. मुठीएवढं ते फुप्फुस यंत्राच्या नळीला जोडलेलं होतं आणि मिनिटाला चाळीस वेळा फुगत होतं, बसत होतं.

विचारणारी यशोधरा आवटी ते यंत्र घेऊन सकाळीच पुण्याहून मिरजेला आली होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना श्वास देणारं यंत्र. सोमवारी ते दवाखान्यात जायचं होतं.

यंत्रातल्या चिपवर कुठलं काम केव्हा व्हायचं हे ठरवणारा कर्नल नावाचा प्रोग्राम वीस वर्षांपूर्वी मुलाणी सरांनी लिहिला होता. तेव्हा चिपमध्ये एकच कोअर, म्हणजे काम करणारा एकच मेंदू असे. नव्या चिपमध्ये दोन आले. सरांचा कर्नल दोन्ही कोअरवर चालवून दाखवायचं काम यशोधरानं एकटीनं, चार महिन्यांत केलं होतं. आपल्या कर्नलमध्ये कोणी कोणासाठी थांबत नाही, हे ती भेटेल त्याला सांगायची.

पण दोन-तीन दिवसांतून एकदा फुप्फुस फुगायचं राहून जाई. एकच श्वास. पुढचा अगदी वेळेवर येई.

तिनं स्वतःचा कोड तीनदा पिंजून काढला. काही सापडलं नाही. मग खोट सरांच्या जुन्या कोडमध्येच असणार, अशी तिची खात्री झाली. हे त्यांना नीट शब्दांत कसं सांगायचं, याची तिनं गाडीत तालीमही केली होती.

तिनं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं. श्वासाचा हुकूम कुठे लिहिला जातो, एवढंच विचारलं.

तिनं दाखवलं. कामांची एक यादी होती. एक कोअर तिच्यात पुढच्या श्वासाचा हुकूम टाकी, दुसरा सेन्सरची मोजमापं. यादीला हात लावण्याआधी प्रत्येक कोअर इंटरप्ट बंद करी, म्हणजे बाहेरून येणाऱ्या हाका ऐकणं थांबवी. सरांनी तसंच लिहिलं होतं. वर आणखी, एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप लावायचं तिच्या मनात आलं होतं, पण कुलपापाशी ताटकळण्यात वेळ जातो, म्हणून तिनं ते लावलं नाही.

सरांनी टेबलावर एक कोरा कागद ठेवला. एक पेन्सिल तिच्या हातात दिली.

"डोळे मिट. कोणी हाक मारली तरी ओ देऊ नकोस. कागदाच्या मधोमध तुझं नाव लिही."

एवढ्या लांबून आपण याचसाठी आलो का, असं तिला वाटलं. तरी तिनं डोळे मिटले आणि लिहू लागली. कागदावर दुसरी पेन्सिल घासल्याचा आवाज आला. तिच्या बोटांना काहीतरी लागलं. ती लिहीतच राहिली.

"उघड."

कागदावर तिचं नाव नव्हतं. सरांचंही नव्हतं. एकावर एक गिरवलेलं काहीतरी होतं. ते कोणालाच वाचता आलं नसतं.

"तू डोळे मिटलेस," सर म्हणाले, "म्हणून मी थांबलो का?"

तिचे कान तापले. हाका बंद करताना कोअर फक्त स्वतःचे कान बंद करतो. चिपमध्ये तो एकटाच असेल तर तेवढं पुरतं. तिनं दोघांनाही आपापले कान झाकायला लावले होते आणि त्यालाच दार लावणं समजली होती. दोन्ही कोअरचे हात एकाच क्षणी यादीवर पडले, की एक ओळ पुसली जाई. कधी ती मोजमापाची असे. कधी श्वासाची.

म्हणजे जुन्या कोडमध्ये चूक नव्हती, असं ती हळू आवाजात म्हणाली.

"होती," सर म्हणाले. "मी तो एकटेपणी लिहिला. दुसरा कोणी येईल, हे मनातच आलं नाही."

तिनं आधी पुण्याला फोन करून सोमवारचं पुढे ढकललं. मग लिहायला बसली. यादीबाहेर एक कुलूप. जो आधी येईल तो ते घेईल, दुसरा तिथेच उभा राहील. जुन्या कोडमध्ये जिथे जिथे कान झाकून काम भागवलं होतं, तिथे तिथे तेच. दुपार झाली. सरांनी तोवर ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे विजेचे चढउतार पडद्यावर रेघांनी दाखवणाऱ्या यंत्राच्या, दोन तारा चिपला जोडल्या. कोअर कुलपापाशी आला की त्याची रेघ जराशी उचलणार होती आणि यादीत शिरला की पूर्ण वर जाणार होती.

पडद्यावर दोन रेघा उमटल्या, पिवळी आणि हिरवी. एक वर असली की दुसरी खाली. मिनिटामागून मिनिटं गेली. लाखो वेळा ये-जा झाली, पण दोन्ही एकदम वर गेल्या नाहीत.

मग सरांनी पडदा एका क्षणावर गोठवला. दोन्ही कोअर एकाच वेळी कुलपापाशी आले होते. पिवळी वर गेली. हिरवी उंबऱ्याशीच राहिली… सेकंदाचा दहा लाखावा भागही नसेल. पिवळी उतरली, आणि मग हिरवी चढली. त्यांना हुकूम देणारं तिसरं कोणी नव्हतं.

यशोधराच्या अंगावर काटा आला. हे तिनंच, आत्ताच लिहिलं होतं. तरी कुणाच्या तरी घरातलं काहीतरी खासगी आपल्याला दिसलं, असं तिला वाटलं. हात जोडावेसे वाटले आणि त्याची लाजही वाटली.

टेबलावरचं फुप्फुस फुगलं, बसलं. पुढे तीन आठवडे ते तसंच चाललं. एकही श्वास हुकला नाही, आणि मगच यंत्र दवाखान्यात गेलं. पण त्या दुपारी तिला हे माहीत नव्हतं. ती नुसती त्या दोन रेघांकडे बघत होती.

मग तिनं विचारलं, "सर, कोअर तर चार महिने चालतच होते. मग आज वेगळं काय झालं?"

सरांनी तारा काढून गुंडाळून ठेवल्या.

"इतके दिवस ते दोन होते," ते म्हणाले. "आज दोघं झाले."