वैराळेबाईंच्या पाटल्या

भाऊबीजेला भावाकडे गेलेल्या कमलिनी वैराळे परतल्या, तर दाराचं कुलूप तुटलेलं आणि कपाटातल्या आईच्या पाटल्या गायब. तक्रार देऊन महिना उलटला, तरी चोराचा पत्ता नव्हता.

नाताळच्या सुट्टीत चोऱ्या वाढतात म्हणून पोलिसांनी गावात सभा घेतली. निरीक्षक दाभोळे माइकवर रंगात आले होते. पुढे बसलेल्या वैराळेबाईंकडे बोट करून म्हणाले, "चोऱ्या होतात त्या अशा निष्काळजी माणसांमुळे! काय हो बाई, प्रवासाचे फोटो मोबाइलवर टाकले असतील ना?"

"माझा साधा फोन आहे, साहेब."

"मग कामवालीला सांगितलं असेल."

"घरचं सगळं मीच करते."

लोक हसले, तसे दाभोळे चिडले. "मग घर रिकामं आहे हे चोराला काय स्वप्नात दिसलं? कुणाला तरी सांगितलंच असणार!"

बाई उभ्या राहिल्या. "सांगितलं ना. बाहेरगावी जाताना पोलीस चौकीत कळवून जा, असं दिवाळीआधी तुम्हीच म्हणाला होतात. मी फक्त तिथंच सांगितलं."

आता कुणीच हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी हवालदार दारात आला. पाटल्या सापडल्या असं वाटून बाई धावत बाहेर आल्या. तो खाली बघत म्हणाला, "साहेब म्हणतात, कालचे शब्द मागे घ्या."

"पाटल्या आणून द्या, लगेच घेते."

पाटल्या काही आल्या नाहीत. त्या नाताळात मात्र बाहेरगावी जाताना गावातलं कुणीही चौकीकडे फिरकलं नाही.