गळ्यातला संगणक

एकदा एका शिष्येने असा संगणक घडवला, की तसा दुसरा कुठल्याच दुकानात मिळाला नसता. शिष्येचे नाव तेजल भारंबे. तिचे गुरू विश्राम चौधरी सर तंत्रनिकेतनातून निवृत्त होऊन नंदुरबारला घरामागच्या शेडमध्ये हाताने संगणक बनवत. प्रत्येक संगणक एकाच माणसासाठी, त्याच्या कामाच्या मापाचा. विहिरी तपासणाऱ्या अभियंत्याला कमरेला बांधायचा, तर अंध संगीतशिक्षकाला पडदाच नसलेला.

हा संगणक रेवती गावित बाईंसाठी होता. बाई नवापूरजवळच्या एका शाळेत पाचवीला शिकवत. घशाच्या शस्त्रक्रियेत त्यांचा आवाज कायमचा गेला. मोबाइलवर टाइप करून बोलायचे म्हटले तर मान खाली जाई, आणि तेवढ्यात वर्ग हातचा सुटे. शाळा चालवणाऱ्या संस्थेने कळवले होते, की सोमवारी बाईंनी एक तास घेऊन दाखवावा. जमले नाही तर वर्ग दुसऱ्याला देऊन त्यांना कार्यालयात बसवले जाईल.

तेजलने शिलाई मशीनच्या जुन्या सागवानी झाकणातून पेटी तयार केली. ती पट्ट्याने गळ्यात अडकवायची. कळा दोन्ही कडांना, नेमक्या बोटांखाली येतील अशा. त्यामुळे बाकांमधून फिरता फिरता, खाली न पाहता लिहिता येई. वाक्य मुलांकडे तोंड केलेल्या पडद्यावर उमटे आणि लगेच ऐकूही येई. साध्या लाकडी नमुन्यावर सराव करून बाईंची बोटे बसली होती. सगळे झाल्यावर, कुठे सांधा दिसू नये म्हणून तेजलने पेटीचे झाकण चिकटवून कायमचे बंद केले.

रविवारी सकाळी बाई पेटी न्यायला आल्या. त्यांनी ती गळ्यात घातली, बोटे हलवली आणि पेटी बोलली, "मुलांनो, पुस्तके मिटा. आज गप्पा मारू." आपले वाक्य पुन्हा हवेत उमटलेले ऐकून बाई काही वेळ डोळे मिटून उभ्या राहिल्या.

सरांनी पेटी उलटीसुलटी करून पाहिली. "काम देखणे आहे," ते म्हणाले. मग त्यांनी बारीक करवत घेतली आणि झाकण कडेने कापायला सुरुवात केली. कोणाला काही सुचायच्या आत झाकण निघाले. सरांनी आतल्या दोन वायरी उपटल्या. पडदा विझला. उघडी पेटी बाईंपुढे सरकवून ते म्हणाले, "बाई, आता हिला बोलती करा."

तेजलचा चेहरा उतरला. "सर, उद्या त्यांचा तास आहे."

"म्हणूनच आज."

बाईंनी कागदावर लिहिले, 'मला यातले काही कळत नाही. काही तुटले तर?'

"तुटले तर तेजल इथे आहे," सर म्हणाले. "उद्या ती तुमच्या वर्गात नसेल."

दुपार त्यातच गेली. कुठली वायर कळांकडून येते, कुठली पडद्याकडे जाते, कुठले टोक कुठे बसते, हे सर सांगत होते. हात मात्र बाईंचेच होते. तेजल मदतीला सरसावली, की सर तिला नुसत्या नजरेने बसवत. बाई दोनदा चुकल्या, एकदा रागाने उठूनही गेल्या, पुन्हा आल्या. अखेर पडदा उजळला. बाईंनी कळा दाबल्या. पेटी म्हणाली, "तेजल, चहा ठेव."

कापलेल्या झाकणाला बिजागऱ्या आणि हाताने फिरवायचे दोन स्क्रू लावून बाई पेटी घेऊन गेल्या. त्या गेल्यावर तेजलने विचारले, "सर, एवढे सुंदर झाकण कापलेत?"

सर शांतपणे म्हणाले, "आवाज गेला तेव्हा बाईंच्या हाती काहीच उरले नव्हते. तू त्यांना नवा आवाज दिलास, पण किल्ली स्वतःजवळ ठेवलीस. पेटी बंद पडली असती, तर तू पोहोचेपर्यंत त्या पुन्हा मुक्या झाल्या असत्या. ज्याच्यासाठी वस्तू घडवायची, त्याला ती निर्भयपणे उघडता आली पाहिजे. तोवर ते दान नव्हे, आपल्या कौशल्याचे प्रदर्शन आहे."

तेजलला हे समजले, तरी कापलेल्या सागवानाचे दुःख होतेच.

सोमवारचा तास छान झाला. वर्ग बाईंकडेच राहिला. त्यानंतर आज ना उद्या दुरुस्तीसाठी फोन येईल, अशी तेजल वाट पाहत होती. फोन आला नाही. दिवाळीनंतर ती स्वतःच शाळेत गेली.

वर्गाच्या दारातून तिने पेटी पाहिली आणि क्षणभर तिला ती ओळखू येईना. डाव्या हाताच्या कळा खाली सरकवलेल्या होत्या. पट्ट्याच्या जागी जुन्या साडीचा मऊ सुती पदर शिवलेला होता. आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचावा म्हणून बाईंनी स्पीकर पेटीतून काढून, लांब वायर जोडून भिंतीवरच्या फळीवर ठेवला होता. तेजलने जपलेली घडण पार बिघडली होती. पण शब्द तिच्यापर्यंत, दाराबाहेरही, स्वच्छ येत होते.

बाईंनी तिला आत बोलावले. एका मुलीने विचारले, "बाई, ही पेटी यांनी बनवली?"

बाईंनी तेजलकडे पाहिले. त्यांची बोटे हलली, आणि फळीवरून उत्तर आले, "आम्ही दोघींनी."

त्या उत्तरात तेजलला दुरुस्त करण्यासारखे काहीच दिसले नाही.