व्हॅन कशावर चालते?

शाळेची व्हॅन पुन्हा चढावर बंद पडली आणि मागून ट्रक आला तर, या काळजीने रात्रभर माझा डोळा लागला नाही. म्हणून पालकसभेत मी पहिल्या रांगेत बसले. तोंड उघडेल याची मात्र खात्री नव्हती.

संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब डुबल इंधनांवर अर्धा तास बोलले. सीएनजी स्वस्त, पण रांगा फार. बॅटरी शांत, पण चढाला दमते. इथेनॉल तर आपल्याच उसाचं! "अभ्यास चालू आहे, तोवर हीच व्हॅन. याहून सरस इंधन कुणी सांगावं, उद्याच गाडी बदलतो!"

"पोहे," मी म्हणाले.

"काय म्हणालात, ताई?"

"पोहे, आबासाहेब. धूर नाही, रांग नाही. सकाळी आम्ही ते मुलांना खाऊ घालतो, आणि व्हॅन बंद पडली की तीच मुलं ती शाळेपर्यंत ढकलत आणतात. महिनाभर तुमची गाडी पोह्यांवरच चालली आहे."

सभा खदखदून हसली. आबासाहेबांना नव्या गाडीचा हुकूम तिथेच द्यावा लागला.

घरी येऊन मी माझ्या लेकीला, शाल्मलीला ऐटीत सांगितलं, "उद्यापासून नवी व्हॅन! ढकलायला नको."

तिचा चेहरा पडला. "म्हणजे आता गणिताच्या पहिल्या तासाला रोज बसायचं?"