खिंडीपलीकडचा बर्फ

“...पण मग त्यांच्याकडेच का, बाबा?”

अचलनाथ चुलीपुढे बसून ओल्या काटक्या सुक्यांतून वेगळ्या काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

रत्नाकर दारात उभा होता. पहाटेपासून त्याचं आत-बाहेर चाललं होतं. खिंडीच्या तोंडाशी जायचं, दोन्हीकडे बघायचं आणि परत यायचं.

खिंडीच्या एका अंगाला लुसेरचं खोरं, दुसऱ्या अंगाला बनोलीचं. मधे हा डोंगर आणि डोंगरावर गुरुशिष्यांची कुटी. दोन्ही खोरी हिमालयाच्या उतरणीवरची, बेताच्या थंडीची. बर्फ इथे दरसाल येईलच असा भरवसा नसतो. आला तर रात्री येतो आणि दुपारपर्यंत वितळून जमिनीत मुरतो. पण त्या मुरलेल्या पाण्यावरच उन्हाळ्यात झरे चालतात.

यंदा बनोलीवर कालपासून बर्फ कोसळत होता. लुसेरवर कोरडं ऊन पडलं होतं.

“उंची तीच,” रत्नाकर म्हणाला. “झाडं तीच, थंडी तीच. मी इथे आल्यापासून बघतोय. एखाद्या साली इकडे पांढरं, तिकडे काळं. पुढल्या साली उलट. कधी दोन्हीकडे काहीच नाही. वारा ताडून पाहिला, ढग पाहिले... कशाचा कशाला मेळ नाही.”

“हं.”

“आपलं काय चुकलं असेल?”

“आपलं?” अचलनाथ म्हणाले.

रत्नाकर पुन्हा खिंडीकडे बघू लागला.

बर्फासाठीच्या अनुष्ठानाला बाबांनी ना होकार दिला होता, ना नकार. ते सगळं रत्नाकरचं होतं. तो मूळचा कऱ्हाडचा, वेदपाठशाळेत शिकलेला, खणखणीत आवाजाचा. लुसेरचे लोक झऱ्याच्या काळजीने वर आले, तेव्हा बाबा नुसते ऐकत राहिले होते. रत्नाकरला ते सोसलं नाही. ‘मी करतो अनुष्ठान,’ तो म्हणाला होता. ‘पौष सरायच्या आत बर्फ पडेल. शब्द देतो.’

लोकांनी घरोघरचं तूप आणलं, तीळ आणले. म्हाताऱ्या बायका उपाशीपोटी चढण चढून आल्या. मंत्रांनी डोंगर दुमदुमला.

आता पौष सरत आला होता. आणि आज लुसेरचे प्रधान, म्हणजे सरपंच, हयातसिंह वर येणार होते.

ते आलेच. सोबत गावातले दोघे होते. चढून दमलेले तिघे कुटीपुढच्या खिंडीत थांबले आणि पलीकडे बघत राहिले. डोंगराच्या धारेपाशी पांढरं संपत होतं. त्यांच्या पायाखाली पिवळं, वाळलं गवत होतं.

रत्नाकर पुढे झाला. हे आता रागावतील, चारचौघांत तूप-तिळांचा हिशेब मागतील, अशी त्याची समजूत होती. उत्तरं त्याने मनाशी तयार ठेवली होती.

हयातसिंह रागावले नाहीत. त्यांनी रत्नाकरला वाकून नमस्कार केला.

“महाराज, विधीत आमच्याकडून काही राहिलं का? बायका विचारतात. एकीने म्हणे उपासात चुकून दूध घेतलं होतं. ती दोन दिवस रडतेय.”

“झरा आत्ताच करंगळीएवढा झालाय,” हयातसिंह म्हणाले. “ज्येष्ठात काय होईल?”

रत्नाकरने बाबांकडे पाहिलं. बाबा काटक्यांत गढलेले. आणि नको ते रत्नाकरच्या तोंडातून निघून गेलं.

“कुणाचं काही चुकलेलं नाही. अनुष्ठान फळलंय. ते बघा, पडतोय ना बर्फ? बोलावलेला आला, फक्त वाऱ्याने पलीकडे नेला.”

लुसेरचे लोक एकमेकांकडे बघू लागले. त्यांना ते पटलं की नाही, कळेना.

“कुणी बोलावलेला?”

आवाज मागून आला. बनोलीच्या बाजूने एक माणूस वर आला होता. मांडीपर्यंत भिजलेला, भुवयांवर बर्फ, धाप लागलेली. त्याला सगळेच ओळखत होते. तो बनोलीचा धरमू. हयातसिंहांची भाची त्याच्या घरी सून म्हणून दिली होती.

“कुणी बोलावला हा?” धरमूने पुन्हा विचारलं.

धरमूने उत्तराची वाट पाहिली नाही. तो बाबांपुढे जाऊन बसला.

“बाबा, हे थांबवा. आमची धाब्याची घरं, मातीची सपाट छपरं. एवढा बर्फ बापजन्मी कुणी पाहिला नाही. खालच्या आळीतलं एक घर रात्री बसलं. माणसं वाचली. आता माझ्या घराची तुळई कुरकुरतेय. घरात सून ओली बाळंतीण आहे. आई म्हणते, एवढ्या थंडीत तान्ह्याला बाहेर काढलं तर ते दगावेल. आणि आत ठेवावं तर...”

“भाची आहे माझी,” हयातसिंह कुणालाच उद्देशून नसल्यासारखे म्हणाले.

अचलनाथ उठले. कुटीच्या कोपऱ्यात लाकडी फावडी होती. एक त्यांनी स्वतः घेतलं. दुसरं रत्नाकरच्या हातात दिलं.

“बाबा, मी काय... मी एखादं शांतिसूक्त म्हणू का?”

अचलनाथ चालूसुद्धा लागले होते.

उतरणीवर पाय मांडीपर्यंत रुतत होते. पुढे धरमू, त्याच्या पावलात पाऊल टाकत बाबा, मागे लुसेरचे तिघे. ज्या बर्फासाठी ते महिनाभर आभाळाकडे डोळे लावून बसले होते, तो तुडवत ते मुकाट चालले होते. सर्वांत मागे रत्नाकर. वरून बर्फ पडतच होता, मऊ, आवाज न करता. एवढा हलका पदार्थ घर पाडतो, हे त्याच्या बुद्धीला पटत नव्हतं.

घरापाशी पोचल्यावर पटलं. आतून आवाज येत होता. लाकूड पिळल्यासारखा... थांबत होता आणि पुन्हा येत होता.

धरमूची आई उंबऱ्यात बसून होती. आत चुलीच्या उबेला सून लेकराला छातीशी धरून बसलेली. सुनेने हयातसिंहांना पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

“मामा, तुमच्याकडे ऊन आहे म्हणे.”

“आहे गं.”

“कुणाची पुण्याई म्हणायची?”

हयातसिंहांनी तोंड फिरवलं. ते आणि त्यांचे सोबती एक ओंडका उचलून आत गेले आणि तुळईला टेकू देऊ लागले.

बाकीचे छपरावर चढले. एकदम सगळ्यांनी मधे जायचं नाही, कडेकडेने ओढायचं, असं धरमूने बजावलं. रत्नाकरने फावडं मारलं. वरचा बर्फ भुसभुशीत होता, खालचा ओला आणि जड. हाताची बोटं आधी दुखली, मग दुखेनाशी झाली. प्रत्येक पावलागणिक त्याला वाटे, आता आपण खाली त्या लेकरावर जाऊन पडणार.

तेवढ्यात शेजारून दणका आला. पायाखालचं छप्पर हादरलं.

रत्नाकर जागच्या जागी बसला. डोळे उघडायचं त्याला धैर्य होईना.

घर उभं होतं. गोठा बसला होता.

धरमू उडी मारून खाली गेला. सगळ्यांनी माती उपसली. गाय थरथरत बाहेर आली. तिच्यामागे काही आलं नाही. तिचं वासरू तुळईखाली सापडलं होतं.

गाय ढिगाऱ्यापाशी उभी राहून हुंगत राहिली. धरमूने तिच्या पाठीवर गोणपाट टाकलं आणि तो पुन्हा छपरावर चढला.

रत्नाकरला मात्र चढवेना. तो शिडीपाशी उभा राहिला. ‘कुणी बोलावला?’ हे धरमूचे शब्द त्याच्या कानातून जात नव्हते. त्याला आपला स्वर आठवला, चढत गेलेला. तूप ओतताना लोकांच्या डोळ्यांत दिसलेला विश्वास आठवला. आणि तो गोड लागला होता, हेही आठवलं.

तो कसाबसा वर आला. छपराच्या टोकाला अचलनाथ एकटेच काम करत होते. म्हातारा माणूस, पण हात संथ चालत होते. एक ढीग ओढायचा, कडेवरून ढकलायचा, श्वास घ्यायचा.

“बाबा.”

हात चालूच.

“बाबा, हे माझ्यामुळे झालं.”

अचलनाथ थांबले.

“मी अहंकाराने मागितलं. बर्फ यावा म्हणून आभाळाला गळ घातली. माझा शब्द खरा व्हावा म्हणून... लुसेरसाठीसुद्धा नव्हे. आणि तो या गरिबांच्या घरांवर येऊन पडला. ते वासरू माझ्यामुळे गेलं. हे सगळं माझं आहे, बाबा. हा बर्फ माझा आहे.”

तो रडत होता. गालावरचं पाणी गार होऊन चरचरत होतं. बाबा आता आपल्याला दूर लोटतील, नाहीतर जवळ घेतील, असं त्याला वाटलं. दोहोंपैकी काहीही चाललं असतं.

खालून तुळई पुन्हा एकदा कुरकुरली. आत तान्हं बाळ रडू लागलं.

अर्धं छप्पर अजून तसंच भरलेलं होतं आणि वरून पडायचं थांबलं नव्हतं.

अचलनाथांनी त्या उरलेल्या अर्ध्याकडे पाहिलं. मग रत्नाकरकडे पाहिलं.

“तुझा असेल,” ते म्हणाले, “तर उचल.”