घरचं दूध

शेजारच्या भागवतला डेअरीतून काढलं, कारण त्याने पाणी घातलेलं दूध पास केलं होतं. नवी नोकरी मागताना तो हे स्वतःच सांगायचा, म्हणून चार ठिकाणी नकार मिळाला. पाचव्या डेअरीचे चेअरमन आबासाहेब ऐटीत म्हणाले, "पाणी ओळखता तरी येतं का रे? ही किटली तपास."

भागवतने दुधात लॅक्टोमीटर सोडून आकडा पाहिला. "पाणी आहे, आबासाहेब. परत पाठवा."

"अरे शहाण्या, माझ्या घरचं दूध आहे ते! नोकरी हवी ना? मग कर पास!"

"मागच्या वेळी माझ्या मेव्हण्याचं होतं, आबासाहेब. घरचंच म्हणून पास केलं, म्हणून तर आज तुमच्या दारात उभा आहे."

आबासाहेबांनी किटली बाजूला सारली. मग म्हणाले, "उद्या सकाळी कामावर ये. आणि आधी आमचंच दूध तपास."